शालीतली ऊब

आमचे काका छपाईची यंत्रं बसवायला परदेशी जातात आणि येताना दारूच्या बाटल्या आणतात. स्वतः थेंबालाही शिवत नाहीत. पण ऑफिसातले, शेजारचे, काकूचे भाऊ असे सगळे गळ घालतात आणि काकांना नाही म्हणणं जन्मात जमलेलं नाही. फुकटची हमाली, दुसरं काय. यंत्राचे सुटे भाग बांधावेत तशी ते प्रत्येक बाटली कपड्यात घट्ट गुंडाळतात. आजवर एकही फुटली नाही, याचा केवढा तोरा.

मागच्या खेपेला कपडे कमी पडले, म्हणून त्यांनी आजीसाठी घेतलेली लोकरीची शाल वापरली. नेमकी तीच बाटली वाटेत गळली. घरी बॅग उघडताच काकूने नाक दाबलं, पण तोवर आजीने शाल खांद्यावर घेतलीसुद्धा होती.

"परदेशी अत्तर दिसतंय," आजी म्हणाली आणि तीच पांघरून झोपली. गुडघ्यांच्या नावाने रोज घर जागवणारी आजी दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली तरी घोरत होती.

काकूने लगेच शाल धुऊन टाकली. तेव्हापासून आजीची एकच कुरकुर, शालीतली ऊबच गेली.

परवा काका पुन्हा निघाले, तेव्हा आजीने ती शाल घडी घालून त्यांच्या बॅगेत ठेवली.

"नवी नको आणूस," ती म्हणाली. "हीच परत आण, मागच्यासारखी बांधून. आणि या वेळी बॅग मी उघडेन."