पायलची जागा

हे सांगायचं नव्हतं. सुप्रियाने आम्हा सगळ्यांकडून तसं वचन घेतलं आहे, आणि मी तर तशीही फार बोलत नाही. पण एका ग्रुपमध्ये वर्षभर रोज नाचलं की किस्से साचतातच. मी नाही सांगितलं तर राणी सांगेल, आणि राणी सांगते त्यातलं निम्मं तिच्या मनाचं असतं. म्हणून लिहून ठेवते. लिहिणं म्हणजे सांगणं नाही, असं मी धरून चालते.

*

आमच्या हिप हॉपच्या ग्रुपला आरसा नाही. तुमसरमधल्या एका बंद राइस मिलमध्ये आम्ही शाळा सुटल्यावर नाचतो. नाचायला चौघी: सुप्रिया, पायल, राणी, काजल. मी राखीव. आधी फरशी झाडायची आणि मग चाळणीने तिच्यावर तांदळाचा बारीक कोंडा पसरायचा, हे माझं काम. नाचून झालं की सुप्रिया वाकून पावलं बघते. कोणाची स्टेप चुकली, कोण अर्धंच वळलं, सगळं कोंड्यात उमटलेलं असतं.

काजल एकदा हट्टालाच पेटली, की मी पूर्ण वळले होते. सुप्रियाने फरशीकडे बोट केलं.

"तू खोटं बोलशील. फरशी कायले बोलन?"

*

मिलच्या चौकीदार काकांना कळायचं नाही की पोरी मुद्दाम पडतात कशाला आणि लगेच उठतात कशाला. याच्यात एवढं काय आहे, असं त्यांनी पायलला विचारलं. आमच्यात सगळ्यांत चांगली नाचणारी तीच.

"काका, घरी म्हनतात हळू चाल. शाळेत म्हनतात सरळ चाल. इथंच पाय आपटला तं टाळ्या भेटतात."

काका मान हलवत निघाले. दारात थांबून म्हणाले, मिल चालू होती तेव्हा ही फरशी अशीच हादरायची. "तुमी नाचता तवा मी दोन डाव जाऊन स्विच पाहून आलो."

मिलची वीज केव्हाच कापली आहे. हे काकांनाही माहीत आहे.

*

पायलच्या मोठ्या बाबांनी, म्हणजे तिच्या वडिलांच्या थोरल्या भावाने, आमचा व्हिडिओ कोणाच्या तरी मोबाइलवर पाहिला. दुसऱ्या दिवशी पायलची रवानगी लाखनीला, मामाकडे. फोन काढून घेतला. भंडाऱ्याची शाळांची डान्स स्पर्धा महिन्यावर आली होती.

आम्ही बस स्टँडवर गेलो. पायल रडली नाही. बॅग मांडीवर घट्ट धरून बसली होती आणि सीटखाली तिची टाच ठेका धरून हलत होती. बस निघताना तिने खिडकीतून सुप्रियाला एवढंच सांगितलं, "माझी जागा कोनाले देजो नको."

*

सुप्रियाने दिली नाही. तिघी नाचायच्या, मधे एका माणसाची जागा मोकळी.

दोन-तीन दिवसांनी राणी नाचता नाचता त्या जागेत जाणार, तोच अंग चोरून बाजूला सरकली. काजलचा हात तिथे गेला, तर ती चक्क "सॉरी" म्हणाली. आम्ही खूप हसलो. 

मी कोंडा नीट पाहिला. त्या जागेत एकही पाऊल नव्हतं. बाकीची पावलं मात्र तिला वळसा घालून गेली होती.

*

मग सुप्रियाने डान्सचा शेवट नवीन बसवला. दुसऱ्या शाळांनी चोरू नये म्हणून व्हिडिओ काढायला बंदी केली. त्याच आठवड्यात शाळेतल्या सरांनी सांगितलं की स्टेजवर चौघी लागतील, नाहीतर नाव मागे घ्या. सुप्रिया त्या मोकळ्या जागेपाशी गेली. मग मला म्हणाली, "तू उभी राह्य."

वर्षभर मी याचीच वाट पाहत होते. सगळ्या स्टेप्स मला येत होत्या. पायलच्या जागेवर उभी राहताना मला आनंद झाला, आणि त्या आनंदाची लाजही वाटली.

नाचून झाल्यावर सुप्रिया वाकली. तिघींची पावलं उमटली होती. माझ्या पायांखाली कोंडा मी चाळला होता तसाच होता.

"बाप्पा, वजन वाढव," काजल म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. तेव्हा सुप्रियाने वचन घेतलं.

*

स्पर्धेला चार दिवस उरले असताना पायल परत आली. तिच्या मामांनी वडिलांना फोन केला होता, की पोरगी रोज साडेचारला गच्चीवर एकटीच नाचते, हायवेवरचे ट्रकवाले पाहतात, त्यापेक्षा तिला मैत्रिणींमध्ये नाचू द्या. वडील स्वतः तिला मिलच्या दारापर्यंत सोडून गेले.

पायलने शूज बांधले आणि ती तिघींबरोबर नाचली. जुना भाग झाला. नवीन शेवट आला, तोही नाचली. एकही चूक नाही.

सुप्रियाने स्पीकर बंद केला. "हे तुले कोनं शिकवलं?"

पायलने माझ्याकडे बोट केलं. "हिनंच तं. रोज येत होती गच्चीवर."

रोज साडेचारला मी मिलमध्ये होते. लाखनीला मी कधीच गेलेली नाही.

राणीने घाबरत विचारलं, की ही तिथं काही बोलायची का.

"नाही ना. पन इथं तरी कुठं बोलते?"

राणी आणि काजल हसल्या. सुप्रियाने जागा पायलला दिली. मी चाळणी उचलली आणि कोंड्याच्या पोत्याकडे गेले. पायल मागून आली आणि हळूच म्हणाली, "काल रडत काहून होतीस?"

काल मी नाचले होते. रडले नव्हते, निदान मला तरी तसंच वाटत होतं. मी तिच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हटलं, पायल, काल मी तर... आई हाक मारते आहे. आले, आई. एवढं एकच वाक्य लिहून