पोटातले राखणदार

आरोग्य केंद्रात आम्हा आशा सेविकांची मीटिंग अकराची असली तरी डॉक्टर येईपर्यंत साडेबारा होतात, आणि तेवढ्यात व्हरांड्यात बसल्या बसल्या किस्से साचत जातात. बाकीच्यांचे हसायचे असतात. माझे बरेचसे लाडकीचे. सायवनजवळच्या आमच्याच पाड्यावरची ही सून. दोनदा पोट पडलेलं, आणि त्या वर्षी तिसऱ्या खेपेला सातवा महिना लागला होता. हे मूल हातात यावं एवढंच तिला हवं होतं. मलाही.

*

त्या साली तलासरीपासून डहाणूपर्यंत फ्लू फिरत होता. डॉक्टर मीटिंगमध्ये म्हणाले, "आपल्या आतड्यात बारीक जंतू राहतात, चांगले. चिकूच्या वाडीला राखणदार असतो ना, तसे. ते शाबूत असले तर फ्लूशी झुंजायला अंग तयार राहतं. सर्दीला उगाच अँटिबायोटिक खाल्लं तर फ्लू मरत नाही, राखणदार मरतात."

"हे कळलं कसं?" आमच्यातल्या सगळ्यांत जुन्या भीमाताईंनी विचारलं.

"उंदरांवर पाहिलंय. माणसांचं अजून पुरतं ठरायचंय."

"म्हणजे यंदा उंदीर वाचणार," भीमाताई म्हणाल्या. "भात गेला आमचा."

*

हेच मी लाडकीच्या ओट्यावर बसून सांगितलं. सासू तांदूळ पाखडत होती. सूप न थांबवता म्हणाली, "हिच्या पोटात एक टिकंल का नाय म्हणून आमचा जीव टांगलाय, आन् तुम्ही तिथं हजार भाडेकरू घालता."

लाडकी पोट धरून हसली. तिला तसं हसताना मी शेवटचं तेव्हाच पाहिलं.

*

पंधरा दिवसांनी अंगणवाडीत जंताच्या गोळ्या वाटायच्या होत्या. निम्म्या आया आल्याच नाहीत. एक आली, ती भांडायला.

"परवा म्हणालात पोटातल्यांना मारू नका. आज मारायच्या गोळ्या. सरकारनं आधी एक काय ते ठरवावं."

कोणाला ठेवायचं आणि कोणाला मारायचं, हे समजावत मी दोन दिवस घरोघर फिरले. सिस्टर म्हणाल्या, "तुम्ही फार चांगलं शिकवता, हीच पंचाईत आहे."

*

मग लाडकीला सर्दी झाली. तिचा नवरा अच्छाडला धाब्यावर रोट्या भाजायचा. तिथल्या एका ट्रकवाल्याने आपल्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या कॅप्सूल त्याला दिल्या, पॉवरवाल्या म्हणून. तिने चार दिवस खाल्ल्या. पुढे आठवडाभर पोट वाहत होतं.

मी नवऱ्याला बोलले. तो शांतपणे म्हणाला, "ताई, त्या राखणदारांसाठी तुम्ही नागलीची आंबील प्यायला सांगता. ती घरात रोजच असते. रोजच्या वस्तूला औषध कोण म्हणेल?"

 

*

त्यानंतर तिला फ्लूने धरलं. डॉक्टर म्हणाले, "राखणदार आधीच धुऊन गेलेत. त्यामुळेच झालं असं मी म्हणणार नाही, पण आता हयगय नको." ते तिला ठेवून घेणार होते. पण घरात सासू, सासरा, नवरा सगळेच तापलेले, करणारं कोणी नाही, म्हणून ती राहिली नाही. फ्लूच्या दहा कॅप्सूल दिल्या. सकाळी एक, संध्याकाळी एक, पाच दिवस. पाकीट तिच्या हातात देऊन मीच तिला घरी सोडलं.

तिसऱ्या दिवशी गेले तर ती तोंडाने श्वास घेत होती. पाकीट रिकामं.

आमच्या पाड्यावर मासे येवोत की शिकार, सगळ्यांचे सारखे वाटे होतात, आणि गरोदर बाईला दोन वाटे. माझ्याही घरी तेच. दहा कॅप्सूल, पाच वाटे.

"सगळे खोकतात, ताई," लाडकी म्हणाली. "एकटी कशी खाऊ?"

जीप मिळाली. मूल त्याच संध्याकाळी झालं, रडलं नाही. लाडकी वाचली.

ती घरी आली त्या दिवशी मी गेले. सासूने पदराची गाठ सोडली आणि दोन कॅप्सूल माझ्यासमोर ठेवल्या.

"हा त्याचा वाटा. आला की देऊ म्हणून ठेवला होता. आता कोणाला द्यायचा?"