बाईंचा ‘ना’

प्रश्नाच्या शेवटी कुणी ‘ना’ लावला की बाई हातातला स्टीलचा ग्लास टेबलावर असा आपटत, की आमचं पवईचं सगळं ऑफिस दचकायचं. “‘त्रास होतोय ना’ म्हटलंस की उत्तर तूच दिलंस. ‘होतोय का’ विचार!” मुंबईत वाढलेल्या आम्हा पोरींना ‘ना’शिवाय वाक्य संपवणं म्हणजे शिक्षाच. बाईंनी जीव नकोसा करून सोडला होता.

व्हेंटिलेटर काढायचा निर्णय घरचे लोक कसा घेतात, हा आमचा अभ्यास, आणि बाई त्याच्या प्रमुख. सुरुवातीलाच प्रत्येकीनं स्वतःचं मत उघड सांगायचं, हा बाईंचा नियम. पहिल्यांदा त्याच बोलल्या. “माझा बाप मशीनवर सडला. मशीन दिसलं की मला ते उपटावंसं वाटतं. माझ्यावर नजर ठेवा.” आम्ही कसली ठेवणार! त्यांच्याकडे बघायलाच टरकायचो.

घाटकोपरच्या एका हॉस्पिटलात बाईंनी भांडुपच्या एका माणसाची मुलाखत घेतली. त्याचे वडील मशीनवर होते. दुसऱ्या दिवशी त्यानं मशीन काढायला संमती दिली आणि वडील गेले. बाई आणि मी त्याला भेटायला हॉस्पिटलात गेलो, तर त्यानं बाईंना जिन्यातच गाठलं. “तूच माझ्या तोंडून हो काढलंस!” म्हणत सलाइनचा लोखंडी स्टँड त्यांच्या तोंडावर हाणला. पडल्यावर पुन्हा हाणला. रक्तात त्यांचे दात पडलेले मी पाहिले. त्या माणसाचा गळा दाबावा असं मला वाटलं, आजही वाटतं.

तारांनी बांधलेल्या जबड्यातून बाई आधी एवढंच बोलल्या, “त्या मुलाखतीचं रेकॉर्डिंग तू ऐक. मी ऐकलं तर स्वतःला सूट देईन.”

मी ऐकायला बसले ती बाईंना निर्दोष ठरवायलाच. बाई शांत होत्या, नेमक्या होत्या. आणि मध्येच, अगदी मायेनं, त्यांचा आवाज आला, “त्रास होतोय ना त्यांना?”

पलीकडे तो माणूस रडायला लागला. “हो ताई. म्हणजे काढायलाच पाहिजे.”

लपवावं असं फार वाटलं. पण बाईंपाशी खोटं बोलायची माझी छाती नव्हती. ऐकून त्यांनी डोळे मिटले. “मारलं ती त्याची चूक. ‘ना’ माझा. लेखात दोन्ही येऊ देत.” त्यानंतर त्यांनी कुणाचीच मुलाखत घेतली नाही.

त्या दिवशी निघताना मी त्यांची उशी सारखी केली. “खूप दुखतंय ना, बाई?”

त्यांचा हात ग्लासाकडे गेला. “‘दुखतंय का’ म्हण गं.”

मी तसं विचारलं.

“दुखतंय,” बाई म्हणाल्या.