तणसाखालचा साग

हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. आणि जी खोली तिच्यासाठी बांधली, तिच्यातच बसून आज लिहितो आहे. तुम्ही माझे कोण? कोणी नाही. बहुधा म्हणूनच तुम्हाला सांगवतं.

आमच्या भागात एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. वैनगंगेच्या आमच्या घाटावर डोमा नावाड्यानं एका फौजीला नावेत घेतलं नाही आणि त्या फौजीला आईचं तोंड पाहायला मिळालं नाही. ही गोष्ट लोकांना माहीत आहे, कारण ती मी सांगितली. शाळेत, झेंड्याखाली, आणि पुढे लढाईच्या वर्षांत जवानांसाठी लोकरी कपडे गोळा करताना — किती वेळा! तिच्यातलं एक अक्षरही खोटं नाही. आणि तरी ती खोटी आहे. कशी, ते सांगायला बसलो आहे, पण हात मागे येतो.

आधी डोमाभाऊबद्दल सांगतो. माझ्या घरात माझ्याआधी कोणी शाळा पाहिली नव्हती. हायस्कूल नदीपलीकडे, गडचिरोलीला. डोमाभाऊनं मला वर्षानुवर्षं पलीकडे नेलं, आणलं. पुरातसुद्धा. उशीर झाला तर माझ्यासाठी नाव थांबवून धरी. मी नागपूरला जाऊन बी.ए. झालो, गावच्या शाळेत मास्तर झालो, त्यात त्याच्या दंडांचा वाटा आहे. ‘बापू’ म्हणणारा तो माणूस नोकरी लागल्या दिवसापासून मला ‘गुर्जी’ म्हणू लागला. मी ते म्हणू दिलं.

आमचा जिल्हा नुकताच मुंबई राज्यात गेला होता, तेव्हाची गोष्ट. दिवाळी झाली होती, नदी अजून भरून होती. माझं लग्न ठरलं होतं आणि घराला एक खोली वाढवायची होती. वाशांसाठी साग हवा होता. जंगलखात्याचा पास काढायचा तर महिने जातात, म्हणून बाबांनी पलीकडच्या जंगलातून बल्ल्या तोडवल्या. चोरून, हे वेगळं सांगायला नको. डोमाभाऊनं त्या नावेत घातल्या, वर धानाचं तणस, म्हणजे भाताचा पेंढा, टाकलं आणि नाव आमच्या काठाला आणून लावली. अंधार पडला की उतरवायच्या. मी घाटावर त्यासाठीच बसलो होतो.

तेवढ्यात मूल गावाकडच्या वाटेनं तो आला. अंगात वर्दी, खांद्यावर काळी पेटी.

तुम्ही जंगलाच्या कडेला राहिला नसाल तर तुम्हाला हे कळणार नाही. आमच्याकडे अंगावर वर्दी असलेला माणूस म्हणजे नाकेदार — जंगलखात्याचा शिपाई. आदल्याच साली एक नाकेदार साध्या कपड्यात वऱ्हाडी बनून आला होता. लग्नात जेवला, पान खाल्लं आणि मग मांडवाचे बांबू मोजायला लागला. तेव्हापासून गाव पाहुण्याच्या चपलासुद्धा निरखून पाहत असे.

तो आधी सखूबाईच्या हॉटेलात गेला. हॉटेल म्हणजे चार कुडाच्या भिंती. त्यानं चहा मागितला.

“चूल इझली, भाऊ,” सखूबाई म्हणाली. कढईत भजी तडतडत होती.

“मंग हा धूर काय तुमच्या डोक्यातून निंगून राह्यला, बाई?”

कोणी हसलं नाही. तो मात्र हसला, पेटी उचलून घाटावर आला आणि डोमाभाऊला म्हणाला, “डोमाभाऊ, मले नाई वळखलं काऊन? मी मडाव्याचा सुकरू, पल्याडचा. मायचं काई खरं नाई, तार आली मले. आत्ताच सोडा.”

डोमाभाऊ त्याच्याकडे न बघता माझ्याकडे वळला. “मडाव्याचा सुकरू तं काडीवानी होता, गुर्जी. हा तं पैलवान हाय.” मग त्याला म्हणाला, “नाव पानी घेऊन राह्यली. सकारी पाहू.”

सुकरूनं नावेकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. जंगलातलाच माणूस तो — ताज्या तोडलेल्या सागाचा वास त्याला आला नसेल? आवाज खाली आणून तो म्हणाला, “नावेत काय हाय, ते मले पाह्याचं नाई, भाऊ. मले फक्त पल्याड सोडा.”

हे ऐकून डोमाभाऊचा चेहरा कठोर झाला. माझाही झाला असेल. ज्याला काही दिसलंच नाही, तो असं बोलतो का? विश्वासानं टाकलेला शब्दसुद्धा आम्ही उलटून बघितला, खोट्या नाण्यासारखा.

मग तो माझ्याकडे आला. माझे पांढरे कपडे, खिशातला पेन — मीच तेवढा शिकलेला दिसत होतो. “गुर्जी, तुमी शिकले-सवरले. फौजेचा कपडा कोनता अन् नाक्याचा कोनता, तुमाले तं समजते ना? तुमी सांगा यायले.”

मला समजत होतं. इथं थांबून नीट लिहितो — मला समजत होतं. नागपूरला शिकताना कामठीच्या छावणीतले जवान मी किती वेळा पाहिले होते. त्याचा कपडा खाकी नव्हता, हिरवट होता. टोपीवर बिल्ला होता. पेटीवर पांढऱ्या रंगानं त्याचं नाव आणि नंबर लिहिला होता. कुठला नाकेदार असली पेटी घेऊन फिरतो? मला तिळमात्र संशय नव्हता. पण तो नावेत बसला आणि पाय तणसात गेला तर? पलीकडे जाऊन सहज कुठे बोलला तर? नवी नोकरी, ठरलेलं लग्न, बाबांवर जंगलाची केस. हे सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं. त्याची आई मात्र नाही. ती डोळ्यांपुढे आलीच नाही.

मी म्हणालो, “कपड्यावरून माणूस ओळखता येत नाही.”

किती शहाणं वाक्य! सखूबाईनं दारातून मान डोलावली. डोमाभाऊनं वल्हं उचलून खांद्यावर घेतलं आणि चालू लागला. मी ‘हो’ म्हटलं असतं तर त्यानं नाव सोडली असती, तणसासकट, सागासकट. तो माझ्या शब्दाची वाट पाहत उभा होता, हे मी पाहिलं होतं.

सुकरूनं पेटी खांद्यावर घेतली आणि काठाकाठानं वरच्या घाटाकडे निघाला. तो दिसेनासा झाल्यावर आम्ही बल्ल्या उतरवल्या. मीही हात लावला.

पुढचं मला आठवडी बाजारात कळलं. वरच्या घाटावर त्याला सकाळी नाव मिळाली. तो गावात पोचला तेव्हा लोक त्याच्या आईला माती देऊन परतत होते. तो फौजीच होता, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं. मग दोष कोणाचा? कोणी विचारण्याआधी मीच बोललो, “अडाणीपणा, दुसरं काय!” मी डोमाभाऊचं नाव घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती, घाटावर नाव एकच होती.

पोरं त्याला ‘फौज्याले नाई म्हननारा’ असं चिडवू लागली. तो काही बोलला नाही. बोलला असता तर साग बाहेर आला असता आणि गुर्जीची नोकरी गेली असती. हे त्याला कळत होतं, आणि त्याला कळतं हे मला कळत होतं. मी त्याला भ्यायचो. तो दिसला की वाटायचं, आज बोलेल. वर्षं गेली, तो बोलला नाही. मग माझी भीड चेपली आणि मी ती गोष्ट भाषणात घातली.

एका सव्वीस जानेवारीला मी ती सांगत असताना तो शाळेच्या फाटकाशी उभा होता. नातीला न्यायला आला होता. त्यानं सगळं ऐकलं. मुलं पांगल्यावर तो जवळ आला.

“गुर्जी,” तो म्हणाला, “वासे टिकले ना चांगले? वाळवी तं नाई लागली?”

मी म्हणालो, “टिकले.”

“साग होता ना,” तो म्हणाला आणि नातीचा हात धरून निघून गेला.

पुढच्या सव्वीस जानेवारीला मी तीच गोष्ट पुन्हा सांगितली.