चाकणमधला पिवळा चौकोन

सांगलीहून निघालेल्या बसने मला चाकण चौकात उतरवलं. पुढे रिक्षा घेतली, तर कंटेनरच्या रांगेमागे अर्धा तास जागचे हललो नाही.

"आमच्या वावरातनंच गेलाय ह्यो रस्ता," रिक्षावाले काका म्हणाले, "तरी आमालाच फुडं जाता येत न्हाई."

मी निवृत्त शिक्षक. दक्षिण आशियाच्या संघटनेचे आठ देश मी वर्षानुवर्षं मुलांकडून पाठ करून घेतले. माझी विद्यार्थिनी वैशाली कांबळे आता इथल्या डिझेल इंजिनांच्या कारखान्यात शेजारी देशांच्या मेकॅनिकना शिकवते. तिनेच बोलावलं होतं.

कँटीनमध्ये मटकीची उसळ होती. श्रीलंकेच्या एका मेकॅनिकने माझ्या ताटातली मिरचीही खुशाल उचलली.

शेडमध्ये (कारखान्याच्या पत्र्याच्या इमारतीत) जमिनीवर पिवळ्या पट्टीचे चौकोन होते. झाडूपासून माणसापर्यंत प्रत्येकाची जागा ठरलेली. मी एका रिकाम्या चौकोनात पिशवी ठेवली आणि दोघे-तिघे एकदम ओरडले.

"सर, ती हसनची जागा आहे," वैशाली म्हणाली.

हसन मालदीवचा. बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. प्रशिक्षणाच्या दोन टप्प्यांपैकी पहिला त्याने इथे पुरा केला आणि तो घरी गेला. दुसरा झाल्याशिवाय त्याला स्वतःचं वर्कशॉप काढायचा परवाना मिळणार नाही. पण मध्यंतरी आपल्या सरकारचा ओढा बंगालच्या उपसागराभोवतीच्या देशांच्या गटाकडे वळला आणि आठ देशांसाठीचं हे प्रशिक्षणही त्या गटाच्या नावे झालं. थायलंड, म्यानमार आत आले. मालदीव त्या गटात नाही. वैशालीने हसनसाठी खास परवानगी मागितली होती.

"जुनी संघटना ठप्पच होती गं," मी मास्तरकी केली. "देश किती थांबणार?"

"देशाने जावं की पुढे. पण सर, इंजिन अर्धं खोलून कुणी उठून जातं का?"

चहाच्या वेळी उत्तर आलं. नकार. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी तपासणी होती. जागा रिकामी दिसली की फळ्यावर कारण लिहावं लागतं. नवा थाई मेकॅनिक तिथेच उभा करून टाक, असं मी सुचवलं. तिने पट्टीचं रीळ आणलं आणि त्याच्यासाठी शेजारी नवा चौकोन आखला. मग फळ्यावर काहीतरी लिहिलं.

सांगलीला पोहोचलो. दारात पिशवी टेकवण्याआधी मी नकळत खाली पिवळी पट्टी आहे का ते पाहिलं आणि स्वतःशीच हसलो. आठ देशांची नावं तिला मीच शिकवली होती. त्यांत माणसं राहतात, हे मात्र ती आपली आपण शिकली. फळ्यावर कारणाच्या रकान्यात तिने लिहिलं होतं, "माणूस यायचा आहे."