पांदणीतली चाकाची रेघ

परवा सकाळी पांदणीत जे पाहिलं, ते अजून डोक्यातून जात नाहीये...

आमच्या गावातून अनसिंगच्या शाळेला जायला दोन रस्ते. एक ट्रकवाल्यांची सडक. दुसरा शेतांमधला जुना बैलगाडीचा रस्ता, म्हणजे पांदण. ती बाभळींनी बुजलीय, म्हणून पोरी सायकलनं सडकेवरूनच जातात.

मागच्या वर्षी त्या सडकेवर ट्रकखाली मोनाली गेली. आठवीत होती. तेव्हापासून आम्ही चारपाच जण हात धुऊन सरकारच्या मागे लागलोय... पांदणीचा पायी अन् सायकलचा रस्ता करा, निधी द्या. ऑफिसात एकच उत्तर, आधी वापर दाखवा, फोटो आणा.

बुजलेल्या रस्त्याचा वापर कुठून आणू? परवा चिडचिड करतच फोटो काढायला पांदणीकडे निघालो. आदल्या दिवशी अवकाळी पाऊस झालेला. दोन्हीकडे डोक्याएवढी तूर. आत शिरलो आणि सडकेचा आवाज एकदम बंद... पाखरूही नाही.

चिखलात सायकलच्या चाकाची ताजी रेघ दिसली. तिच्या डावीकडे अनवाणी पावलं. म्हणजे सायकलवर कोणी नव्हतं, कोणीतरी ती हातानं नेत होतं. मी रेघेमागे चालू लागलो.

वळणावर ज्योतीताई भेटली, मोनालीची आई. हातात लेकीची सायकल, कॅरिअरला दप्तर. शाळेचीच वेळ होती.

"रोज आणतो मी, भाऊ. तिनं सडकेनं जाऊ नये म्हणून तिले हा रस्ता दाखवतो."

म्हटलं, ताई, निधी मिळाला की इथं मस्त डांबर टाकू. तिचा चेहराच उतरला.

"डांबर नका टाकू, भाऊ. त्याच्यावर पाय उमटत नाई. मंग ती येऊन गेली, हे मले कसं समजन?"

आमच्याकडे माणूस गेलं की दिव्यापाशी पीठ पसरून ठेवतात, त्यात पाऊल उमटलं का ते सकाळी बघतात. मोनालीच्या वेळी काहीच उमटलं नव्हतं म्हणे. "इथं उमटते," ज्योतीताई एवढंच बोलली, अन् सायकलच्या उजवीकडे बोट दाखवलं.

मी तिकडे पाहिलं नाही. खरं सांगतो, हिंमतच झाली नाही.

काल प्रस्तावात डांबर खोडून मुरूम लिहिला. चिखल होईल म्हणतात सगळे... होऊ द्या. ताईचे उपकारच म्हणायचे, तिच्यामुळे 'रस्ता वापरात आहे' असं छातीठोकपणे लिहिता आलं.

रोज किती जण जातात, ती जागा मात्र कोरी सोडलीय...