ओसाकातली तिसरी सकाळ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, तिला सांगायची गरजच पडली नाही — ती तिथेच उभी होती.

मी बोलायला घाबरणारी बाई नाही, हे आधीच सांगते. भाईंदर पूर्वेला आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्यावरून सेक्रेटरीला सगळ्यांसमोर झापते ती मीच. ऑफिसात साहेबाला तोंडावर 'हे चुकतंय' म्हणते तीही मीच. आणि आमची ओसाकाची ट्रिप? ती तर मी इतक्यांदा सांगितलीय की समोरच्या गुजराती भाभीला पाठ झाली असेल. स्वस्तात जपान कसं करायचं, ते मला विचारा. संध्याकाळी सुपरमार्केटमध्ये एक माणूस तयार जेवणाच्या डब्यांवर अर्ध्या किमतीची स्टिकरं लावत फिरतो — त्याच्या मागे मागे, पण लाज राखून, कसं फिरायचं ते मी तुम्हाला करून दाखवीन. किटलीत पोहे कसे भिजवायचे, मेट्रोचा दिवसाचा पास सकाळी पहिल्या फेरीपासून कसा वसूल करायचा, सगळं. फक्त एक सकाळ गाळते.

आम्ही दोघी गेलो होतो. मी आणि करुणा. पाचवीपासूनची मैत्रीण, एकाच बिल्डिंगमधली, ती तळमजल्यावर आणि मी तिसऱ्यावर. तिच्या आईच्या हातचं मी जितकं खाल्लंय तितकं माझ्या आईच्या हातचं खाल्लं असेन की नाही, शंका आहे. दोन्ही घरं बौद्ध, दोन्ही मराठवाड्यातून आलेली. फरक एवढाच — तिचं आडनाव ऐकलं की लोकांना लगेच कळतं. माझं जाधव. जाधव सगळ्यांत असतात. आमच्या गावात ते गावातही आहेत आणि आमच्या वस्तीतही.

हा फरक मी कधी वापरला नव्हता. निदान असं मला वाटायचं.

करुणाला जपानला जायचं होतं ते तिच्या पप्पांसाठी. ते म्हणायचे, बुद्धाला मानणाऱ्या देशात जाऊन एकदा वंदना घ्यायची. ते गेले, राहून गेलं. ओसाकात एक फार जुनं बौद्ध मंदिर आहे, आम्ही तिसऱ्या दिवशी तिथे जायचं ठरवलं होतं. तिने भाईंदरहून दोन पांढऱ्या मेणबत्त्या आणल्या होत्या, मोज्यांत गुंडाळून. मी तिला चिडवलं — अगं, तिकडे मेणबत्त्या मिळत नाहीत का? ती म्हणाली, मिळतात, पण या पप्पांच्या दुकानाच्या गल्लीतल्या आहेत.

आमचं हॉस्टेल स्वस्त, म्हणजे खरंच स्वस्त. एका खोलीत आठ बायका, वर-खाली पलंग, जेवणघर सगळ्यांचं मिळून एक. दोघींत सिमही एकच घेतलेलं, माझ्या मोबाईलमध्ये. तिचा मोबाईल माझ्या हॉटस्पॉटवर चालायचा. बाहेर पडलो की ती माझ्यापासून दहा पावलांच्या पुढे जायची नाही. आम्ही हसायचो त्यावर.

आदल्या संध्याकाळी तिथे एक मराठी जोडपं उतरलं. काका-काकू, दोघंही साठीच्या आसपास, नाशिककडचे. सकाळी मी जेवणघरात किटली लावायला गेले तर काकू मेतकूट-भात कालवत होत्या. दोन दिवस भिजलेल्या पोह्यांवर असलेल्या माणसाला त्या वासाने काय होतं, ते सांगून कळायचं नाही. त्यांनी लगेच वाटी पुढे केली. "खा गं, पोरी. नाव काय तुझं?"

मी सांगितलं. वैशाली जाधव.

"अगं, माझं माहेर जाधव! म्हणजे आपल्यातलेच की!"

आणि मी — मी 'हो' म्हणाले. विचार करून म्हणाले का? नाही. पण नकळत निसटलं असंही नाही. मला तो प्रश्न पुरता कळला होता. मुंबईत वाढलेल्या आमच्यातल्या कुठल्याही मुलीला तो कळतो, चौथीत असतानाच कळतो. 'हो' म्हणताना मला मजासुद्धा वाटली. इतक्या लांब येऊन कुणीतरी मला पोरी म्हणतंय, वाटी भरून देतंय.

मग काकूंचा आवाज थोडा खाली आला. फार नाही, थोडाच. "ती तुमच्या खोलीत एक मुलगी आहे ना, काल बाहेर फोनवर आईला जय भीम म्हणत होती — ती तुझ्याबरोबरच आलीय का गं?"

एवढंच. त्या काही वाईट बोलल्या नाहीत. नाक मुरडलं नाही. त्यांच्यावर ढकलायला मला काही सापडत नाही, मी शोधून पाहिलंय.

मी म्हणाले, "नाही हो. इथेच ओळख झाली."

मागे वळले तर करुणा दारात. आंघोळ करून, पांढरा कुडता घालून, पिशवीत मेणबत्त्या घेऊन निघायला तयार. तिने ऐकलं होतं. तिचा चेहरा मी पंचवीस वर्षं बघतेय, मला कळणार नाही?

तिने काय करावं? ओरडली असती, रडली असती, 'वैशे, काय बोलतेस' म्हणाली असती, तर मी काहीतरी सावरलं असतं. तोंडाने मी कुठूनही बाहेर पडते. पण ती आत आली, किटलीकडे बघितलं आणि म्हणाली, "ताई, तुमचं पाणी उकळलंय."

ताई. तुमचं. तिने माझं खोटं उचलून धरलं. मी काकूंसमोर उघडी पडू नये म्हणून ती माझी कुणीच नसल्यासारखी वागली.

आणि आता जे सांगायला बसलेय ते हे. त्या क्षणी मला लाज वाटली नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. मी तिला म्हणाले, "थँक्यू हां," — आणि पुन्हा भाताकडे वळले.

ती एकटी गेली. नेटशिवाय. माझा मोबाईल माझ्या खिशात होता. आत्ताच ओळख झालेल्या बाईला कुणी आपला मोबाईल देतं का? असा हिशोब मी तेव्हा केला, हे मला स्पष्ट आठवतं. मी काका-काकूंबरोबर किल्ला बघायला गेले. काकूंनी माझे खूप फोटो काढले. छान आलेत.

करुणा संध्याकाळी परत आली तेव्हा तिच्या टाचेला मोठा फोड आला होता. रस्ता चुकली होती. लोकांना कागदावरचं नाव दाखवत दाखवत पोचली म्हणे. हे तिने खोलीतल्या एका कोरियन मुलीला तोडक्यामोडक्या इंग्रजीत सांगितलं, मी वरच्या पलंगावरून ऐकलं. काका-काकू अजून दोन दिवस होते. दोन्ही दिवस ती मला ताई म्हणाली, एकदाही चुकली नाही. ते गेले त्या दुपारी तिने मला हाक मारली, "वैशे, माझे मोजे वाळले का गं?" आणि आम्ही पुन्हा मैत्रिणी झालो. त्यावर ती आजपर्यंत एक अक्षर बोललेली नाही. मीही नाही.

तुम्ही म्हणाल, मग आता का सांगतेस?

गेल्या महिन्यात करुणाच्या भाचीचं नामकरण झालं. जेवणाची पंगत बसली होती. मावशी — करुणाची आई — वाढत होत्या. कुणीतरी जपानचा विषय काढला, देवळातला करुणाचा एकही फोटो कसा नाही म्हणून विचारलं. तिथे तिचा फोटो काढायला होतं कोण, मी तर किल्ल्यावर होते. करुणा पटकन म्हणाली, "वैशूला कुठे फोटो काढता येतात? सगळे हलले."

सगळे हसले. मावशींनी माझ्या ताटात आणखी एक पुरी टाकली, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि पाहुण्यांना म्हणाल्या, "फोटो नाही तर नाही. पण परक्या मुलखात हिने माझ्या पोरीला एक मिनिट एकटं सोडलं नाही."

करुणा खाली बघून भात कालवत होती.

मी म्हणाले, "मावशी, त्यात काय एवढं." आणि पुरी खाल्ली.